परवानगी कुणी नाकारली?

संगणकाकडून काम करून घेण्याच्या दोन रीती आहेत. चित्रांवर बोट ठेवण्याची रीत सर्वांच्या परिचयाची. दुसरीत काळ्या पडद्यावर आज्ञा टंकावी लागते. या दुसऱ्या रीतीत यंत्र मितभाषी असते. फाइलीची नक्कल करा म्हटले आणि ती झाली, तर ते चकार शब्द काढीत नाही. काम अडले तरच एक ओळ उमटते. हाच त्रुटीसंदेश. म्हणजे हे यंत्र तोंड उघडते ते बहुधा माणूस अडलेला असतानाच, आणि तेही बहुतेक वेळा इंग्रजीत. ती ओळ मराठीत आणताना काय काय करावे लागते, ते मराठीची विद्यार्थिनी या नात्याने मांडते.

यासाठी मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात 'गेटटेक्स्ट' नावाचे साधन आहे. जीएनयू प्रकल्पाने ते 1995 साली आणले. त्याची कल्पना अगदी साधी. प्रोग्रॅम लिहिणारा भाषांतर करायच्या प्रत्येक वाक्यावर खूण करतो. ती वाक्ये एका फाइलीत गोळा होतात. भाषांतर करणाऱ्याने प्रत्येकाखाली आपल्या भाषेतले वाक्य भरायचे. वापरणाऱ्याने मराठी निवडली असेल तर प्रोग्रॅम जोडीचे मराठी वाक्य दाखवतो, जोडी नसेल तर मुकाट्याने मूळ इंग्रजी. या कामाला प्रोग्रॅमिंग यावेच लागते असे नाही. व्याकरण मात्र पक्के हवे, आणि तेथेच आपल्या शाखेचा संबंध येतो.

संदेशात फाइलीचे नाव आधी ठाऊक नसते, म्हणून तेथे रिकामी जागा सोडलेली असते. टक्क्याचे चिन्ह आणि पुढे एक अक्षर, ही तिची खूण. इंग्रजीत त्या जागी कोणतेही नाव बसते. मराठीत दोन अडचणी एकदम उभ्या राहतात. पहिली लिंगाची : अमुक सापडला नाही, सापडली नाही, की सापडले नाही? दुसरी सामान्यरूपाची. 'शाळा'चे 'शाळेत' होते, पण फाइलीचे नाव 'कविता' असेल तर यंत्र काही 'कवितेत' म्हणणार नाही. ते नावाला हात न लावता पुढे 'त' चिकटवील. यावरची युक्ती आपल्या बोलण्यातच आहे. आपण 'पुण्यात' म्हणतो, पण 'पुणे या शहरात' असेही म्हणतो. दुसऱ्या वेळी 'पुणे' जसेच्या तसे राहते आणि विभक्तीचे ओझे 'शहर' उचलते. तसेच येथे करावे : 'कविता' ही फाइल सापडली नाही, 'कविता' या फाइलीत लिहिता येत नाही. लिंग आणि विभक्ती दोन्ही 'फाइल' सांभाळते. परिभाषेच्या सोसाने 'संचिका' लिहिण्याची गरज मला वाटत नाही. तलाठ्याच्या कचेरीतही फाइलच असते.

आणखी एक गोम आहे. 'अमुक फाइल उघडता येत नाही : अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही' या ओळीचे दोन तुकडे बहुधा दोन ठिकाणांहून येतात. पहिला त्या प्रोग्रॅमचा, दुसरा सर्वांच्या खाली असलेल्या सामाईक ग्रंथालयाचा. एकाचे भाषांतर झाले आणि दुसऱ्याचे राहिले, तर विसर्गापर्यंत मराठी आणि पुढे इंग्रजी असा संकर पडद्यावर येतो.

'परमिशन डिनाइड' या संदेशाने मला सर्वांत जास्त अडवले. 'अनुमती अस्वीकृत' हे शब्दाला शब्द झाले. 'परवानगी नाकारली' हे त्याहून सोपे. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. आई चौथीपर्यंत शिकली आहे. तिला हे दुसरे वाक्य वाचून दाखवले, तर तिने लगेच विचारले, "कुणी नाकारली?" एका कार्यालयाने एकदा तिचा अर्ज इंग्रजी शेरा मारून परत केला होता आणि शेरा वाचून घेईपर्यंत मुदत टळली होती, म्हणून तिला हा प्रश्न सुचणे साहजिक होते. या संदेशात खरोखरच कर्ता नाही. अशा यंत्रणेत प्रत्येक फाइलीला मालक असतो. मालक, त्याचा गट आणि इतर यांपैकी कोणी ती वाचावी, कोणी लिहावी, कोणी चालवावी हे ठरलेले असते. 'ही फाइल वाचण्याचा तुम्हाला अधिकार नाही' असे लिहिले तर निदान अधिकार मागायला कोणाकडे जायचे हे सुचेल. पण सामाईक ग्रंथालयातील या तुकड्याला आपण वाचत होतो की लिहीत होतो हे कळत नसते. म्हणून मी 'हे करण्याचा तुम्हाला अधिकार नाही' येथे थांबले. 'तुम्ही' हे माझ्या पदरचे.

मूळ इंग्रजी तरी इंग्रजांना कळते, असे कोणी समजू नये. जुन्या युनिक्समध्ये 'नॉट अ टाइपरायटर' असा संदेश होता. टंकयंत्रासारखी दिसणारी उपकरणे तारेने संगणकाला जोडत, त्या काळातला तो शब्द. जे काम फक्त अशा उपकरणावर होऊ शकते ते भलतीकडे करू पाहिले की ही ओळ येई. ई-मेल पाठवतानाही ती काहींना दिसली आणि ते चक्रावून गेले. पुढे तिचे शब्द बदलले, पण लिनक्समध्ये तिचा क्रमांक 25 आणि सांकेतिक नाव यांत ते टंकयंत्र अजून शिल्लक आहे.

संगणकशास्त्राच्या मित्रांचा आक्षेप मात्र वजनदार आहे. इंग्रजी ओळ शोधयंत्रात टाकली की शेकडो उत्तरे मिळतात, मराठी ओळीला कोण विचारतो? शिवाय काही प्रोग्रॅम दुसऱ्याचे इंग्रजी शब्द वाचूनच काय बिघडले ते ठरवतात. भाषा बदलली की तेही अडखळतात. दोन्ही खरे. पण लिनक्सवर आज्ञेच्या आधी 'एलसी_ऑल=सी' लिहिले की तेवढ्यापुरता मूळ संदेश मिळतो, आणि मराठी ओळीच्या शेवटी त्रुटीचा क्रमांक छापला तर शोध घेणाऱ्याचे काम भागते. क्रमांक छापणे मात्र प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती आहे, भाषांतर करणाऱ्याच्या नव्हे.

हे काम एकदा करून संपतही नाही. मूळ वाक्यात एक शब्द बदलला की साधन जुन्या मराठी वाक्यावर 'फझी' म्हणजे संदिग्ध असा शिक्का मारते, आणि कोणी तपासून तो काढीपर्यंत वापरणाऱ्याला पुन्हा इंग्रजीच दिसते. मराठी विभागातील कोणाला हे पाहायचे असेल, तर पीओ प्रकारची ती फाइल साध्या मजकूर-संपादकातही उघडते.