तमराज किल्विष कसा तयार होतो?



आज मी तुम्हांला एका राक्षसाची माहिती सांगणार आहे. त्याचे नाव तमराज किल्विष. तम म्हणजे अंधार, आणि किल्बिष म्हणजे पाप. दूरदर्शनवर 1997 ते 2005 या काळात 'शक्तिमान' ही मालिका लागत असे. तिच्यातला हा खलनायक. सगळीकडे अंधार व्हावा, हीच त्याची इच्छा.

माझ्या बाबांनी ती लहानपणी पाहिली. आता ते आम्हांला जुने भाग मोबाईलवर दाखवतात. पण ते पाहून माझा धाकटा भाऊ रात्री एकटा गोठ्याकडे जाईना. खरे सांगायचे तर मीपण जात नव्हतो!

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बोरिवलीला आत्याकडे गेलो. तिच्या शेजारचे काका गोरेगावच्या चित्रनगरीत लाइटमन आहेत. ही चित्रनगरी महाराष्ट्र शासनाने 1977 साली उभारली. तिथे सिनेमांचे आणि मालिकांचे चित्रीकरण होते. काका म्हणाले, "आमच्या लहानपणी 'स्पेस सिटी सिग्मा' मालिकेत झकाकू होता. परग्रहावरचा दुष्ट! मी गोधडीत तोंड लपवायचो. आता राक्षस कसा करतात ते बघा."

त्यांनी दिवा बंद केला आणि हनुवटीखाली बॅटरी धरली. बाप रे! काकांचा चेहरा ओळखूच येईना. सूर्य वर, दिवाही वर, म्हणून आपल्याला वरून पडणाऱ्या उजेडाची सवय असते. उजेड खालून आला की सावल्या उलट्या पडतात आणि चेहरा भेसूर दिसतो. मग ते रिकाम्या कळशीत तोंड घालून हसले. आवाज आत घुमला आणि मोठा होऊन बाहेर आला.

उडण्याची युक्ती अशी. नटाच्या मागे निळा किंवा हिरवा पडदा लावतात. नंतर यंत्राने तेवढाच रंग काढून तिथे आकाश बसवतात. नटाने चुकून हिरवा सदरा घातला, तर त्याच्या पोटातसुद्धा ढग दिसतील!

मित्रांनो, माणूस खरा उडत नाही. मालिका पाहून मुलांनी उंचावरून उड्या मारल्याच्या बातम्या त्या काळी वर्तमानपत्रांत आल्या होत्या. तसे कोणीही करू नका.

घरी येऊन आजीला किल्विष दाखवला. आजी म्हणाली, "अरे, हे तर द्रोणाचार्य!" आणि तिने हातच जोडले. खरेच, किल्विष झालेले सुरेंद्र पाल हे 1988 साली सुरू झालेल्या 'महाभारत' मालिकेत द्रोणाचार्य होते. आणि शक्तिमान झालेले मुकेश खन्ना भीष्म होते. आम्ही पोट धरून हसलो.

त्या रात्री आम्ही दोघे बॅटरी घेऊन गोठ्याकडे गेलो. अंधारात दोन हिरवे डोळे चमकले. भाऊ ओरडला, माझेपण पाय लटपटले. पण मी बॅटरी सोडली नाही. पाहतो तो आमची कपिला रवंथ करत होती! बाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितले, की गाईच्या डोळ्यांत आरशासारखा थर असतो. त्यावर पडलेला उजेड परत फिरतो, म्हणून डोळे चमकतात.

आता भाऊ गोठ्यात एकटा जातो. बॅटरी मात्र लागतेच.

तुम्हीपण कळशीचा प्रयोग करून पाहा. पण लहान भावंडांना घाबरवू नका हं!