राई राखणारी गावं

महाराष्ट्रातल्या रानभटकंतीवर गेल्या साठ-सत्तर वर्षांत मराठीत भरपूर लिहिलं गेलं. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ सालचं. गोनीदांनी गडकोटांच्या निमित्ताने सह्याद्रीची रानं पायाखाली घातली, व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिरा मराठी वाचकाच्या ओळखीचा केला, मारुती चितमपल्लींनी वनखात्यातली सगळी हयात शब्दांत उतरवली. या समृद्ध लेखनात गावाच्या शिवेवरच्या देवराईला मात्र ओळी-दोन ओळींच्या पलीकडे जागा मिळाली नाही. मी तिच्याविषयी जमेल तिथे बोलत आणि लिहीत आलो. या आढाव्यातही तिलाच झुकतं माप मिळणार, हे आधीच सांगून ठेवतो.

वाघाच्या जंगलांबद्दल इथे फार लिहीत नाही. मेळघाट हे व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक, ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान, राधानगरी-दाजीपूर राज्यातलं सर्वांत जुनं अभयारण्य, सह्याद्री व्याघ्रप्रकल्प २०१० सालचा. हे सगळं वाचकांना ठाऊक आहे आणि दर दिवाळीला त्यावर चार नवे लेख येतात. माझी तक्रार वाघाबद्दल नाही. वाघ दिसला तरच जंगल पाहिलं, असं वाचकाला शिकवणाऱ्या लिखाणाबद्दल आहे. जिप्सीत बसून पाहिलेल्या जंगलात पाय मातीला लागत नाहीत, हात झाडाला लागत नाही आणि तिथल्या माणसाशी बोलणं होतं ते फक्त गाइडपुरतं. त्या रानात कोण राहत होतं, कोणाच्या गुरांनी तिथल्या वाटा पाडल्या, कोणतं गाव उठवलं गेलं, हे सफारीत कळत नाही.

देवराई पायीच गाठावी लागते आणि ती वाट गावातूनच जाते. बहुतेक राया दोन-चार एकरांच्या, कित्येक त्याहूनही लहान. मध्ये वाघजाई, काळकाई, सोमजाई, झोलाई, शिर्काई, म्हसोबा, वेताळ, भैरी किंवा रवळनाथ यांपैकी कुणाचं तरी ठाणं. कधी शेंदूर लावलेला तांदळा, कधी कौलारू छपराखालची लाकडी मूर्ती, कधी नुसतंच उघड्यावरचं पाषाण. भोवतीच्या राईतून काडीही न्यायची नाही, हा नियम. वाळलेली फांदी पडली तरी ती तिथेच कुजणार. देवळाच्या दुरुस्तीला लाकूड लागलं तर गुरव आणि मानकरी जमून देवाला कौल लावणार आणि कौल उजवा आला तरच झाडाला हात लागणार. ही व्यवस्था शेकडो वर्षं चालली. तिच्यासाठी कुणाला पगार द्यावा लागला नाही.

अभ्यासकांचं लक्ष इकडे वळायला मात्र वेळ लागला. दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुण्याभोवतीच्या मावळात पायी हिंडून देवींच्या ठाण्यांचा माग काढला. त्यांचं ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ १९६२ सालचं. ही ठाणी जुन्या पायवाटांच्या तिठ्यांवर आहेत आणि त्या वाटा नांगरटीच्या शेतीहून जुन्या आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. पण त्यांची नजर देवीवर होती, झाडांवर नव्हती. झाडांकडे पाहिलं ते डॉ. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी. वर्तक पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ, गाडगीळ १९७१ साली हार्वर्डहून परतलेले तरुण परिसरशास्त्रज्ञ. दोघांनी कोकण आणि घाटमाथ्यावरच्या राया पालथ्या घातल्या आणि १९७६ साली ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या नियतकालिकात त्यांचा लेख आला. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची गोष्ट गाडगिळांनी पुढे अनेकदा सांगितली. तिथल्या राईवर तोडीची पाळी आली, तेव्हा ती वाचवा म्हणून गावकरीच या अभ्यासकांकडे आले. शेजारच्या गावांतल्या राया गेल्यावर तिथले ओढे आटलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. देवाचा कोप हे एक कारण झालं. वैशाखात प्यायला पाणी हवं, हे दुसरं आणि तितकंच पक्कं.

मला ज्या राईने वेड लावलं ती आंबेगाव तालुक्यातल्या अहुप्याची. घोडेगावहून डिंभे धरणाच्या कडेकडेने रस्ता चढत जातो आणि घाटमाथ्याच्या अगदी काठावर अहुपे येतं. कड्यावर उभं राहिलं की खाली मुरबाडचं कोकण आणि समोर गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके. गाव महादेव कोळ्यांचं, राई भैरवनाथाची. आत शिरल्यावर भर दुपारीही उजेड बदलतो. हिरडा, जांभूळ, आंबा, अंजन यांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या आणि त्या छतावरून शेकरू धावतं. शेकरू हा आपला राज्यप्राणी, भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी. या खारीला जमिनीवर उतरायला आवडत नाही. एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर पंधरा-वीस फुटांची उडी मारत ती जाते, आणि म्हणून तिला तुटक झाडं चालत नाहीत, सलग छत लागतं. झाडांच्या शेंड्यांवर काटक्या-पानांची तिची गोल घरटी दिसतात, एकीची अनेक. पावसाळ्यात रात्री याच रानात कुजणाऱ्या काटक्यांवरची बुरशी फिकट हिरवी चमकते. वाळकी फांदी उचलायची नाही हा नियम असल्यामुळे ती बुरशी तिथे आहे. परिसरशास्त्राच्या पुस्तकात मृत लाकडाचं महत्त्व म्हणून जे प्रकरण असतं, ते अहुप्यातल्या म्हाताऱ्यांनी मला राईत उभं राहून सांगितलं होतं, आणि तेही अगदी साध्या शब्दांत: पडलेलं देवाचं, त्यावर जे उगवेल तेही देवाचं.

त्याच माणसांचं पोट बाळहिरड्यावर चालतं, हेही इथे सांगायला हवं. राईबाहेरच्या हिरड्याची कोवळी फळं झोडून, वाळवून विकायची, हा त्या भागाचा मोठा रोख आधार. तेव्हा ही माणसं झाडाचा उपयोग जाणत नाहीत आणि केवळ भीतीने राई राखतात, हे शहरातलं मत मला कधीच मान्य झालेलं नाही. मावळातल्या अजिवलीला वाघजाईच्या राईत भेरली माड आहेत आणि त्यांची माडी काढली जाते. झाडाचा उपयोग आणि झाडाचं रक्षण एकाच गावात, एकाच नियमाखाली चालतं.

पुण्यामुंबईच्या सभांमध्ये एका गटाने माझ्याशी यावरून बराच वाद घातला. देवरायांचं कौतुक म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी, असा त्यांचा मुद्दा. काही राया अशा आहेत की तिथे बायकांना प्रवेश नाही. तो नियम मला पटत नाही आणि तो जायला हवा. पण देव आहे की नाही या प्रश्नाचं उत्तर न देताही इतकं नक्की दिसतं, की १८७८ च्या वनकायद्याने जंगलं सरकारी झाली, कोकणात मोठं रान खासगी मालकीत राहून कोळशाच्या भट्ट्यांत गेलं, पानशेतच्या खोऱ्यात धरणाबरोबर रस्ता आला आणि रस्त्याबरोबर कोळशाचे व्यापारी आले. आणि या सगळ्यात आजूबाजूचा डोंगर उघडा पडला तेव्हा मध्ये हिरवा ठिपका राहिला तो राईचाच. ज्या श्रद्धेने एवढं राखलं तिला नुसतं हसून बाजूला सारणाऱ्यांनी स्वतः काय राखलं, हे त्यांनी सांगावं.

कोकणातल्या देवरहाटींवर, म्हणजे तिकडच्या रायांवर, मी एक पुस्तक लिहू शकेन, इथे मोजकंच सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यात बेहड्याचे जुने, ढोलीचे वृक्ष बहुतेक देवरहाटीतच उरले आहेत आणि धनेशाला घरट्यासाठी तशीच ढोली लागते. मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर उंबर-वडाची फळं आणून तिला भरवत राहतो. असा एक म्हातारा बेहडा कापला की एका जोडीचं घर कायमचं गेलं. दुसरा तेवढा व्हायला तीन पिढ्या जातात. गारंबीचा वेलही रायांतच पाहावा. माणसाच्या मांडीएवढं खोड आणि हातापेक्षा लांब, तलवारीसारखी शेंग. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावाने २०२० साली खवल्या मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून नाचवली. चोरट्या शिकारीला बळी पडणाऱ्या प्राण्याला गावाने देवाच्या रांगेत नेऊन ठेवलं. संरक्षणाचा याहून परिणामकारक कार्यक्रम मी पाहिलेला नाही.

दक्षिणेकडे दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे राई आहे ती रानजायफळाच्या दलदलीची. पाण्यात उभ्या झाडांची मुळं गुडघ्यासारखी वाकून चिखलाबाहेर येतात आणि हवा घेतात. अशी दलदल महाराष्ट्रात असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. गावाने ती देवाची म्हणून राखली होती. २०२१ साली राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. सीमेपलीकडे गोव्यात सत्तरी तालुक्यात निरंकाराची राई आहे, तीही तशाच दलदलीची. आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात सापडलेला मासा शास्त्राला नवा होता, आणि ती जागाही २०२१ सालीच वारसा स्थळ झाली. देवाच्या पाण्यात कुणी जाळं टाकत नाही, म्हणून तो मासा आपल्यापर्यंत पोचला.

राईतला इतिहास मात्र अजून कुणी नीट वाचलेला नाही. पक्षी पाहणारे दुर्बीण वर धरून जातात आणि पायाशी पडलेला वीरगळ ओलांडतात. तिथे वाकून पाहावं. खालच्या चौकटीत लढाई असते, बऱ्याचदा मध्ये गाई कोरलेल्या असतात, कारण तो माणूस गावचं गोधन सोडवताना पडलेला असतो. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे बसलेला, माथ्यावर चंद्रसूर्य. शेजारी बांगड्या भरलेला हात कोरलेली सतीशिळा. कुठे गधेगाळ मिळतो, शिलाहार-यादवांच्या काळातल्या दानाचा, दान मोडणाऱ्याला शाप देणारा. ताम्रपट राजवाड्यात गेले, कागद दफ्तरात गेले, पण ज्या माणसाचं नाव कुठल्याच कागदावर नाही त्याची शिळा राईत आहे. गावाने ती हलवली नाही, कारण राईतलं काहीच हलवायचं नसतं. एकाच नियमाने झाड वाचलं आणि इतिहासही वाचला. माझ्या मते देवराईचा अभ्यास वनस्पतिशास्त्र आणि इतिहास असा दोन खात्यांत वाटला, तिथेच आपलं मोठं नुकसान झालं.

आता जे चाललं आहे त्याबद्दल लिहिताना हात जड होतो. पूर्वी भीती कुऱ्हाडीची होती, आता सिमेंटची आहे. मुंबईला गेलेल्या मंडळींनी वर्गणी काढायची, जुनं कौलारू देऊळ पाडून स्लॅबचं बांधायचं, सभामंडपासाठी, वाहनतळासाठी, प्रवेशकमानीसाठी झाडं काढायची, भोवती टाइल्स बसवायच्या. हे सगळं भक्तीने होतं, म्हणून त्याला विरोध करणं अवघड जातं. लाकडी मूर्ती बाजूला पडते, संगमरवरी येते, उघड्यावरच्या काळकाईची दुर्गा होते, आणि दुर्गेला राई लागत नाही, गाभारा लागतो. वीरगळ उखडून पायरीला लावलेले किंवा ऑइलपेंटने रंगवलेले पाहिले की त्या गावात पुन्हा पाय टाकवत नाही. त्यात आता लग्नाआधीची चित्रीकरणं, जत्रेतले डीजे आणि थर्माकोलच्या पत्रावळी.

दुसरी कुरबूर अशांशी आहे, जे पडीक जमिनीवर ओळीने रोपं लावतात आणि फलकावर ‘देवराई’ असं लिहितात. झाडं लावावीत, जरूर लावावीत. देशी लावली तर अधिक चांगलं. पण गावाचा नियम, मानकऱ्यांचा कौल, कुजलेलं लाकूड, गारंबीचा वेल आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पाखरं ही लागवडीने येत नाहीत. जुनी राई गेली तरी नवी लावता येते, असा समज या फलकांमुळे पसरतो. सभामंडप बांधणाऱ्याला तो फार सोयीचा पडतो.

तिसरे लोक म्हणतात, सगळ्या राया कुंपण घालून सरकारच्या ताब्यात द्या. मला हे अजिबात मान्य नाही. कुठे सातबारावर वनखातं आहे, कुठे महसूल, कुठे देवस्थान. सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडे तीन हजारांहून अधिक देवळं एकट्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीकडे आहेत. कागदावर मालक कुणीही असो, राई राखली ती गावाने. गावाला बाहेर काढलं तर राखणदारच गेला. कायद्याचा आधार मात्र गावाच्या हाती द्यायला हवा, आणि तो आहे: २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीची समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थानातल्या ओरणांच्या, म्हणजे तिथल्या देवरायांच्या, प्रकरणात देशभरातल्या देवरायांच्या सर्वेक्षणाची शिफारस केली आहे. कागद तयार आहेत, भरणारे हात हवेत.

या दिवाळीत गावी जाल तेव्हा राईत एक सकाळ काढा. चपला बाहेर ठेवा, गुरवाला किंवा एखाद्या जाणत्या आजीला सोबत घ्या, स्पीकर नेऊ नका. आजीला झाडांची नावं विचारा आणि लिहून घ्या, शिळांचे फोटो काढा पण शिळा हलवू नका, त्यांना पाणीसुद्धा घालू नका. मग तलाठ्याकडून राईचा सातबारा काढा, ग्रामपंचायतीत जाऊन नोंदवहीत तिचं नाव आहे का ते पाहा, आणि नसेल तर ग्रामसभेत तसा अर्ज द्या. जीर्णोद्धाराची वर्गणी मागायला कुणी आलं, तर जरूर द्या. मात्र एकही झाड आणि एकही शिळा हलणार नाही, एवढं आधी लिहून घ्या.