खोल सिरा काढल्यानंतरचा पाय

बायपास झालेला रुग्ण आपल्या चिकित्सालयात येतो, तो बहुधा छातीसाठी नव्हे, पायासाठी. सायंकाळी घोट्यावर येणारा शोथ, व्रणवस्तूच्या कडेने बधिरता, चालताना गौरव. १९६७ साली क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो यांनी सुरू केलेल्या पद्धतीनुसार हृदयासाठी पायाच्या आतील बाजूची सॅफिनस सिरा घेतली जाते. ही सिरा उत्तान, त्वचेखालची. पायातील रक्ताचा मोठा भार स्नायूंमधील खोल सिरा वाहतात आणि त्या शाबूत असतात. म्हणून हा शोथ बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतो.

खोल सिराच काढलेला पाय मात्र निराळा. तो ओळखण्यात माझी एकदा चूक झाली.

साठीच्या एका गृहस्थांच्या उदरातील महाधमनीत पूर्वी बसविलेली कृत्रिम नळी दूषित झाली होती. ती काढून तिच्या जागी त्यांच्याच मांडीतील सिरा जोडण्यात आली. रुग्णालयाच्या कागदावर ‘सुपरफिशियल फीमोरल व्हेन’ काढल्याची नोंद होती. ‘सुपरफिशियल’ म्हणजे उत्तान, असा सरळ अर्थ मी घेतला. वातप्रधान शोथ मानून सहचर तैलाचा अभ्यंग सांगितला, पुढे जलौकावचरणही मनात योजले. तिसऱ्या दिवशी पोटरी कठीण झाली, वेदना वाढली. डॉप्लर तपासणीत गुडघ्यामागील सिरेत गुठळी आढळली. ती अभ्यंगाने झाली असे नव्हे. काढलेल्या सिरेच्या उरलेल्या टोकाशी अशी गुठळी होऊ शकते. परंतु मर्दनाने ती सुटून फुप्फुसात गेली असती, तर उत्तर देण्यास मी कोठे उभा राहिलो असतो?

ज्या सिरेच्या नावात ‘सुपरफिशियल’ आहे ती प्रत्यक्षात खोल सिरा आहे. या नावामुळे आधुनिक शास्त्राचे चिकित्सकही फसत. १९९५ साली ‘जामा’ या नियतकालिकातील एका लेखाने या नावास संभाव्य प्राणघातक अपसंज्ञा ठरविले, आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय परिभाषेत ते वगळून केवळ ‘फीमोरल व्हेन’ ही संज्ञा स्वीकारली गेली. जुन्या सवयीने लिहिलेले कागद मात्र अजून हाती येतात.

महाधमनीसाठी सॅफिनस सिरा फार अरुंद पडते. फीमोरल सिरा रुंद, जाड भित्तीची आणि जंतुसंसर्गास कृत्रिम नळीपेक्षा अधिक दाद न देणारी. अमेरिकेत डॅलस येथे क्लॅगेट व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. एवढी मोठी वाट बंद केल्यावर पाय कायमचा सुजावा, अशी भीती साहजिक होती. आरंभी शोथ येतोच. काही रुग्णांत स्नायूंच्या कप्प्यातील दाब इतका वाढतो की आवरण छेदून तो मोकळा करावा लागतो. त्याच पायाची सॅफिनस सिराही काढलेली असल्यास हा धोका अधिक. परंतु पुढील पाठपुराव्यात बहुतेकांचा शोथ सौम्य राहिला, सिराजन्य दुष्टव्रण क्वचितच दिसला. प्रोफंडा फीमोरिस ही मांडीतील दुसरी खोल सिरा राखली जाते. गुडघ्यामागील रक्त तिच्याकडे वळते आणि तिच्या झडपा निरोगी असतात. गुठळीने नासलेली सिरा जागेवर राहून झडपा बिघडविते आणि रक्त खाली परतू देते. काढून टाकलेली सिरा तसे करत नाही. सिरा असून नासणे हे नसण्याहून पायाला महाग पडते!

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात प्रत्येक पायातील चार सिरा अवेध्य सांगितल्या आहेत: एक जालधरा आणि आभ्यंतर तीन, म्हणजे दोन ऊर्वी व एक लोहिताक्ष. ऊर्वी व लोहिताक्ष यांचा संबंध मांडीतील मोठ्या रक्तवाहिन्यांशी लावण्याचा प्रघात आहे. यावरून ‘आचार्यांना सर्व ठाऊक होते’ अशी आरोळी ठोकण्याचे कारण नाही. तेथील विषय वेधाचा आहे, ऊर्वी मर्माच्या आघाताचे फल रक्तक्षयाने सक्थिशोष असे सांगितले आहे, आणि येथे दिसतो शोथ. आभ्यंतर सिरांना हात लावताना निराळा विचार हवा, इतके साम्य मात्र मला पुरेसे वाटते.

आता व्रणवस्तू कोठे आहे ते मी प्रथम पाहतो. केवळ मांडीत, स्नायूच्या रेषेने खोलवर गेलेली असल्यास शस्त्रवैद्यास दूरध्वनी करतो. शोथ अचानक वाढला, एकाच पोटरीत वेदना व उष्णता असली, तर डॉप्लर होईपर्यंत अभ्यंग, मर्दन व स्वेदन बंद. श्वास लागत असेल तर तत्काळ रुग्णालय. रुग्ण वॉर्फरिन वा ॲस्पिरिन घेत असेल तर रक्तमोक्षण नाही, आणि गुग्गुळ, लसूण यांचे कल्पही त्याच्या हृदयवैद्यास कळविल्यावाचून नाहीत. दाबमोजा सुचविण्यापूर्वी पायाची नाडी पाहावी, कारण अशा रुग्णांच्या धमन्याही अनेकदा अवरुद्ध असतात.

ते गृहस्थ गुठळीवरील औषधांनी बरे झाले. आजही दर ऋतुबदलास येतात. सायंकाळी त्या पोटरीचा घेर दुसरीपेक्षा दीड-दोन सेंटिमीटर अधिक भरतो. रात्री पाय उशीवर ठेवून निजले की सकाळी उतरतो.