वसतिगृहाच्या खोलीतील हवेचा ताळेबंद

दहावी-बारावीचे निकाल लागले की नारायणगाव, मंचर, जुन्नर, घोडेगाव, ओतूर आणि आळेफाटा येथील आपल्या अनेक व्यापारी कुटुंबांत बॅगा भरण्याची लगबग सुरू होते. कोणाची मुलगी पुण्याला वाणिज्य शाखेत जाते, कोणाचा मुलगा अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश घेतो. वसतिगृह निवडताना पालक शुल्क, जेवण, शिस्त आणि महाविद्यालयापासूनचे अंतर यांची बारकाईने चौकशी करतात. जेवण जैन पद्धतीचे मिळेल का, हा प्रश्न तर पहिलाच असतो. मात्र ज्या खोलीत आपला पाल्य दिवसाचे आठ-दहा तास काढणार, तेथील हवा कशी आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही.

पाणी गाळून घेण्याची शिकवण आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मनुष्य दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो. श्वासावाटे मात्र दहा हजार लिटरहून अधिक हवा आत घेतो. पाण्याविषयी एवढे दक्ष असणाऱ्या समाजाने हवेविषयी उदासीन राहावे, हे योग्य नव्हे.

बँकेत ज्याप्रमाणे आपण जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू पाहतो, त्याचप्रमाणे खोलीतील हवेचाही हिशेब मांडता येतो. आत काय जमा होते आणि बाहेर किती जाते, एवढे दोनच प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे मिळाल्यावर काय विकत घ्यावे आणि काय घेऊ नये, हे आपोआप ठरते.

लेण्याद्रीची खोली आणि आजची खोली

सामूहिक निवासाची परंपरा जुन्नर परिसराला नवी नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येथे बौद्ध भिक्षूंसाठी डोंगरात विहार कोरले गेले. लेण्याद्रीच्या ज्या सातव्या लेण्यात आज गिरिजात्मजाचे दर्शन घेतले जाते, ते मुळात असेच एक निवासस्थान होते. मध्ये खांब नसलेला विशाल मंडप, भोवती लहान लहान खोल्या आणि पुढे दक्षिणाभिमुख ओसरी, अशी त्याची रचना आहे. खोल्यांना खिडकी नाही. दार तेवढे मंडपात उघडते. परंतु मंडप प्रशस्त आहे, त्याच्या दर्शनी भिंतीत दाराच्या दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत आणि समोर मोकळी दरी आहे.

आजच्या अनेक वसतिगृहांत मधोमध अंधारा बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या असतात. खोलीला एका भिंतीत एकच खिडकी असते आणि तीही रात्री बंद होते. म्हणजे विहारातील बिनखिडकीची खोली आपण उचलली, पण तिला श्वास देणारा मंडप आणि ओसरी मात्र मागेच ठेवली. शिवाय त्या खोलीत आता तीन-चार विद्यार्थी, त्यांच्या गाद्या, ओले कपडे आणि पुस्तके असा सारा संसार सामावलेला असतो.

आकड्यांत मांडलेली एक रात्र

बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोली घेऊ. तिचे आकारमान १,२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४,००० लिटर होते. झोपलेला तरुण तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड वायू सोडतो. तिघांचे मिळून ३६ लिटर झाले. याचा अर्थ दारे-खिडक्या घट्ट बंद असतील, तर दर तासाला हवेच्या दशलक्ष भागांत या वायूचे सुमारे १,००० भाग वाढतात. बाहेरच्या हवेत हे प्रमाण ४२५च्या आसपास असते. एक हजाराची मर्यादा आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी म्युनिक येथे १८५८ मध्येच सुचविली होती. आपल्या या खोलीत ती अवघ्या पाऊण तासाच्या आत ओलांडली जाते. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा ये-जा करीत असल्याने आकडा रात्रभर याच वेगाने चढत नाही. तरीही बंद खोलीत पहाटेपर्यंत तो दोन-तीन हजारांवर सहज पोहोचतो.

डेन्मार्कमधील संशोधकांनी विद्यार्थी वसतिगृहाच्या खोल्यांतच याची परीक्षा घेतली आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आवाज न करणाऱ्या लहान पंख्याने बाहेरची हवा आत घेतल्यावर या वायूचे सरासरी प्रमाण सुमारे २,४०० वरून साडेआठशेच्या आत आले. विद्यार्थ्यांची झोप सुधारली, दुसऱ्या दिवशीची मरगळ कमी झाली आणि तर्कशक्तीच्या चाचणीत त्यांची कामगिरी उंचावली. सकाळच्या तासाला डुलक्या घेणाऱ्या मुलाला आपण आळशी म्हणतो. त्याआधी तो कोणत्या हवेत झोपला होता, हे पाहिले पाहिजे.

वरील खोलीत हा आकडा हजाराच्या आत ठेवायचा असेल, तर खोलीतील संपूर्ण हवा तासाला साधारण दोन वेळा बदलली पाहिजे. छताचा पंखा हे काम करीत नाही. तो आतलीच हवा फिरवितो. भिंतीवरचा वातानुकूलन संचही बहुधा आतलीच हवा थंड करून परत देतो. सहा इंची साधा एक्झॉस्ट पंखा मात्र तासाला सुमारे दोनशे घनमीटर हवा बाहेर टाकू शकतो, आणि आपली गरज सत्तर घनमीटरांच्या आतच आहे. अट एवढीच की, नवी हवा आत येण्यासाठी दुसऱ्या बाजूस झडप, झरोका किंवा दाराखाली फट असली पाहिजे. येण्याचा मार्ग नसेल, तर पंखा नुसताच घरघरत राहतो.

आत निर्माण होणारा धूर

डासांची कॉइल हा खोलीतील हवेचा सर्वांत मोठा शत्रू होय. मलेशिया आणि चीनमधील कॉइलींच्या अभ्यासातून २००३ साली असे दिसून आले की, एक कॉइल पूर्ण जळाल्यावर निघणाऱ्या सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असते. जो पालक मुलाच्या खिशात सिगारेट सापडली तर अस्वस्थ होईल, तोच कॉइलचे पाकीट स्वतः बॅगेत ठेवतो. यावर उपाय मच्छरदाणीचा. ती स्वस्त आहे, तिच्यात धूर नाही आणि कोणाही जीवाची हिंसा नाही. आपल्या आचारधर्माशी एवढा सुसंगत उपाय दुसरा नसावा.

उदबत्ती आणि धूप यांचेही तसेच आहे. त्यांच्या धुरातही सूक्ष्म कण असतात. खोलीत नित्यपाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने धूप उघड्या गच्चीत किंवा खिडकीपाशी करावा आणि नंतर खोली मोकळी ठेवावी. त्याने भक्ती उणावत नाही.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. मेसमध्ये कांदा-लसूण आणि कंदमुळांविना जेवण मिळाले नाही की खोलीतच इंडक्शन शेगडीवर स्वयंपाक सुरू होतो. विजेच्या शेगडीला ज्योत नसली, तरी तापलेल्या तेलाचा आणि फोडणीचा धूर असतोच. खोलीत शिजवावेच लागत असेल, तर खिचडी, वरण, उपमा असे कमी फोडणीचे पदार्थ खिडकीजवळ करावेत. अर्थात चार-पाच कुटुंबांनी मिळून जैन भोजनाची बाहेर व्यवस्था लावून देणे अधिक चांगले.

खिडकी का बंद राहते?

‘खिडकी उघडी ठेवा’ असे सांगणे सोपे आहे. ती बंद का ठेवली जाते, हे समजून घेतले तरच उपाय सापडतो. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात तर याचे एक कारण थेट बिबट्या हेच आहे. उसाच्या शेतांत बिबट्यांनी आसरा घेतला असून माणिकडोह येथे त्यांच्यासाठी निवारा केंद्र चालते. उसाला लागून असलेल्या वसतिगृहात तळमजल्याची खिडकी रात्री उघडी ठेवण्यास कोण धजावेल? मुलींच्या वसतिगृहात सुरक्षितता आणि खासगीपणा यांचाही प्रश्न असतो. डास तर सर्वत्रच आहेत.

या सर्वांवर उत्तर एकच आहे. खालची खिडकी मजबूत गजांची व बारीक जाळीची असावी आणि छतालगत, हात पोहोचणार नाही अशा उंचीवर जाळीचा झरोका असावा. शक्य तेथे समोरासमोरच्या दोन भिंतींत वाट ठेवावी, म्हणजे हवा आरपार जाते. आपल्या जुन्या वाड्यांत झरोके याचसाठी असत. भारतीय राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीतील उघडझापीच्या जागेचे क्षेत्रफळ उष्ण व कोरड्या प्रदेशात जमिनीच्या किमान एक-दशांश, तर उष्ण व दमट प्रदेशात एक-षष्ठांश असावे. जाळी मात्र दरमहा धुतली पाहिजे; धुळीने भरलेली जाळी आणि भिंत यांत फारसा फरक राहत नाही.

बाहेरची हवा सर्वकाळ निर्मळ असते असेही नाही. ऊसतोडणीनंतर पाचट पेटविले जाते तेव्हा, किंवा पुणे-नाशिक महामार्गावर वाहनांची गर्दी असते त्या वेळी त्या बाजूची खिडकी लावून घ्यावी. हिवाळ्यात रात्री व पहाटे थंड हवेमुळे धूर जमिनीलगत कोंडतो. दुपारी ऊन तापल्यावर तो विरळ होतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत खोली दुपारी भरपूर मोकळी ठेवावी आणि रात्री झरोका पुरेसा मानावा. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विकसित केलेली ‘सफर’ ही यंत्रणा पुणे शहराच्या हवेची माहिती देते. तेथे शिकणाऱ्यांनी तिचा उपयोग करावा.

भीमाशंकर आणि माळशेजच्या बाजूला पावसाळाभर प्रश्न ओलीचा असतो. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या कक्षेतील आश्रमशाळा आणि वसतिगृहे याच पावसाच्या पट्ट्यात आहेत. ओले कपडे खोलीत वाळत घातले की त्यातील सारे पाणी हवेत आणि मग भिंतींत उतरते. कपाटामागे बुरशी धरते आणि दम्याची प्रकृती असलेल्या मुलाला प्रथम तिचा त्रास होतो. कपडे वाळविण्यासाठी स्वतंत्र पडवी, भिंतीपासून चार बोटे पुढे ओढलेले कपाट आणि ऊन पडताच गाद्यांना ऊन दाखविणे, एवढे तरी कटाक्षाने व्हावे.

ज्याला वास नाही, त्याचे भय

आतापर्यंत जे सांगितले, त्याने आरोग्य हळूहळू खालावते. एक धोका मात्र काही मिनिटांत प्राण घेतो. खासगी वसतिगृहांत आणि भाड्याच्या सदनिकांत लहानशा न्हाणीघरात गॅसचा गीझर बसविलेला असतो. हवा अपुरी पडली की ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जखडतो. डोके जड होणे, मळमळ आणि भोवळ ही लक्षणे उमगेपर्यंत दाराची कडी काढण्याचेही त्राण उरत नाही. थंडीच्या दिवसांत खोलीत कोळशाची शेगडी पेटविल्यानेही हेच घडते.

गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या जागेत असला पाहिजे. तो आत असेल, तर पाल्याला त्या जागी ठेवू नये. येथे तडजोड नाही. कोणी बेशुद्ध आढळल्यास दारे-खिडक्या उघडून त्याला तत्काळ मोकळ्या हवेत आणावे आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

यंत्र घ्यावे का?

हल्ली अनेक पालक मुलांना हवा शुद्ध करणारे यंत्र घेऊन देतात. त्यातील हेपा गाळणी सूक्ष्म धूलिकण उत्तम रीतीने अडविते. दमेकरी विद्यार्थी रहदारीच्या रस्त्यालगत राहत असेल, तर हा खर्च सार्थकी लागतो. परंतु हे यंत्र कार्बन डायऑक्साइड कमी करीत नाही, ओल घालवीत नाही आणि कार्बन मोनॉक्साइडपासून वाचवीत नाही. गाळणी ठरावीक काळाने बदलण्याचा खर्चही हिशेबात धरावा. कुंड्यांविषयीचा समज तर पुष्कळच फुगलेला आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, साध्या वायुवीजनाइतका परिणाम साधण्यास दर चौरस मीटरला किमान दहा रोपे लागतील. आपल्या खोलीत ती शंभराहून अधिक होतील. मग विद्यार्थी कोठे राहणार? कुंडी शोभेसाठी खुशाल ठेवावी.

पालकांनी प्रवेशापूर्वी काय पाहावे?

१. खोली शक्यतो सकाळी, मुले उठण्याच्या वेळी पाहावी. दार उघडताच कोंदट वास आला, तर रात्री हवा बदलत नाही असे समजावे.

२. झरोक्यापाशी पातळ कागदाची पट्टी धरावी. ती हलली, तर हवेला वाट आहे.

३. कपाटामागे आणि छताच्या कोपऱ्यांत ओल अथवा काळी बुरशी आहे का, ते पाहावे.

४. नुकताच रंग दिलेली किंवा नव्या प्लायवुडची खोली असेल, तर राहायला जाण्यापूर्वी काही दिवस ती मोकळी ठेवण्यास सांगावे.

५. गीझर कोणता आणि कोठे आहे, हे स्वतः पाहावे. व्यवस्थापकाच्या शब्दावर विसंबू नये.

दानाला दिशा

आपल्या समाजाने विद्यार्थ्यांच्या निवासासाठी मोठे कार्य केले आहे. आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजी यांच्या प्रेरणेने १९१५ साली मुंबईत श्री महावीर जैन विद्यालयाचे कार्य सुरू झाले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे रयत शिक्षण संस्था उभी केली. या मासिकाच्या वाचकांपैकी अनेक जण आज अशा संस्थांचे विश्वस्त आणि देणगीदार आहेत. नव्या खोलीसाठी देणगी देताना दारावर नावाची संगमरवरी पाटी लागते. त्याच देणगीपत्रात समोरासमोरचे झरोके, प्रत्येक खिडकीला जाळी, एक एक्झॉस्ट पंखा, प्रत्येक पलंगाला मच्छरदाणी आणि मजल्यागणिक कपडे वाळविण्याची पडवी या पाच गोष्टींचा आग्रह धरावा. बांधकामाच्या एकूण खर्चात ही रक्कम नगण्य आहे, आणि इमारत उभी राहिल्यावर भिंत फोडून झरोका काढण्यापेक्षा नकाशावर तो दाखविणे कितीतरी स्वस्त पडते. येत्या वार्षिक सभेत जमाखर्च मंजूर होण्यापूर्वी हा प्रश्न एखाद्या सभासदाने उपस्थित करावा.