माळशेजपलीकडची शॅम्पेन

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत कल्याणचे नाव ‘कॅलिएना’ असे येते. एके काळी हे रीतसर व्यापाराचे बंदर होते. पुढे सत्ता बदलली, बंदराची कोंडी झाली आणि इथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो निनावी लेखक सांगतो. भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत त्याने पहिले नाव लिहिले आहे वाइनचे. इटलीची असेल तर उत्तम, नाहीतर लाओडिकियाची किंवा अरबस्तानची. असा माल ज्या दोन कानांच्या उंच कुंभांतून येई, त्यांची खापरे नेवासे आणि तेरच्या उत्खननांत मिळाली आहेत. कोकणातल्या बंदरांतला माल नाणेघाट चढून जुन्नरला जाई, आणि जुन्नरच्या लेण्यांत तीन यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांची नावे आजही वाचता येतात.

तेव्हा वाइन समुद्रावरून यायची. विसाव्या शतकाच्या शेवटी त्याच जुन्नर तालुक्यातून ती उलट दिशेने, थेट युरोपात जाऊ लागली. फ्रान्समधली जुन्या घराण्याची वायनरी पाहायची हौस असलेल्या ठाणे-डोंबिवलीकराला विमानाचे तिकीट काढण्याआधी वाचायला हवी, अशी ती गोष्ट आहे.

कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे, मोरोशी असे करत रस्ता माळशेज घाटाला लागतो. जुन्नर-ओतूरकडचा भाजीपाला याच रस्त्याने कल्याणच्या बाजार समितीत उतरतो. घाटाखाली भातखाचरे. घाटमाथ्यावर मढ, पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी, मग ओतूर. पूर्वेकडे सरकावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो आणि तारांच्या मांडवांवर चढवलेल्या द्राक्षबागा दिसू लागतात. समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंची, कोरडी हवा, हिवाळ्यात गार रात्री आणि कुकडी प्रकल्पाच्या धरणांचे पाणी, एवढ्या भांडवलावर हा पट्टा उभा आहे. जुन्नरच्या काळ्या ‘जंबो’ द्राक्षाला बाजारात मान आहे. पुणे-नाशिक रस्त्यावरचे नारायणगाव हे या पट्ट्यातले मोठे गाव. तमाशाची पंढरी आणि विठाबाई नारायणगावकरांचे गाव म्हणून महाराष्ट्र त्याला ओळखतो.

याच नारायणगावात 1980 च्या दशकात शामराव चौगुले या उद्योजकाने शॅम्पेनच्या पद्धतीची वाइन करायचे ठरवले. मदतीला त्यांनी फ्रान्समधल्या रॅंस शहराचे, 1785 साली स्थापन झालेले ‘पायपर-हाइडसिक’ हे घराणे गाठले. तिथले तंत्र आणि तंत्रज्ञ नारायणगावात आले. तयार झालेली फेसाळती वाइन देशात ‘मार्क्विस द पाँपादूर’ आणि परदेशात ‘ओमर खय्याम’ या नावाने विकली जाऊ लागली. ब्रिटनमधल्या वाइन लेखकांनी तिची दखल घेतली. पुढे कंपनीचे ‘शातो इंडाज’ हे नाव देशभर झाले. नाशिकमध्ये राजीव सामंतांच्या ‘सुला’ची पहिली बाटली 2000 साली आली, तोवर हिंदुस्थानी वाइन म्हटले की जाणकारांच्या तोंडी नारायणगाव असे.

हे काम किती चिकाटीचे आहे, ते पद्धत पाहिल्यावर कळते. आधी साधी, आंबटसर, कमी अल्कोहोलची वाइन करायची. ती बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालून तोंड बंद करायचे. बाटलीतच पुन्हा आंबवण होते, निघालेल्या वायूला वाट नसते, तो वाइनमध्ये विरघळतो. आतला दाब सुमारे सहा वातावरणांइतका होतो, म्हणून काच जाड लागते. मग बाटल्या थंड तळघरात आडव्या पडून राहतात. शॅम्पेन प्रांतातला कायदा वर्ष न छापलेल्या बाटलीलाही किमान 15 महिने थांबायला लावतो. मेलेल्या यीस्टचा गाळ वाइनला भाजलेल्या पावासारखा वास देतो. शेवटी बाटली रोज थोडी फिरवत, थोडी तिरपी करत उलटी आणायची, गाळ तोंडाशी जमला की मान गोठवायची आणि झाकण उघडायचे. दाबाने बर्फाची गोळी गाळासकट बाहेर उडते. मग चवीपुरती साखर, बूच आणि वर तारेची जाळी. एवढे सगळे होईपर्यंत मालकाचा पैसा अंधारात पडून असतो.

शेतातली अडचण वेगळी. फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल झोपतो. दख्खनचा वेल झोपतच नाही, त्याला शेतकरी कात्रीने वळण लावतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, तिच्यातून घड येतात. माल साधारण जानेवारी ते मार्चमध्ये निघतो. मधल्या काळात डाऊनी आणि भुरी हे रोग, अवकाळी पाऊस, गारपीट. खायच्या द्राक्षाला टपोरा मणी, पातळ साल आणि गोडी लागते. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, जाड सालीचा, बियांचा, आणि फेसाळत्या वाइनसाठी तो आंबटपणा टिकून असतानाच तोडावा लागतो. उन्हाच्या मुलखात साखर भराभर चढते आणि आम्ल उतरते, त्यामुळे तोडणीचा दिवस चुकला की हंगाम चुकला. शिवाय वाइनची जात लावली की बाजारात हातगाडीवर ती विकता येत नाही. घेणारा एकच, तो म्हणजे वायनरी.

या शेवटच्या वाक्यात नारायणगावची पुढची कहाणी आहे. 2001 साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क काढले. शेतकऱ्यांनी हौसेने वाइनच्या जाती लावल्या. चौगुल्यांच्या कंपनीची सूत्रे पुढच्या पिढीकडे आली, कंपनी परदेशातले व्यवसाय विकत घेऊ लागली. मग 2008 ची जागतिक मंदी आली. पगार आणि देणी थकल्याच्या बातम्या छापून येऊ लागल्या आणि अखेर मुंबई उच्च न्यायालयात कंपनी गुंडाळण्याची प्रक्रिया सुरू झाली. देशातल्या पहिल्या नामवंत वाइन घराण्याचा प्रवास दोन पिढ्यांत आटोपला. बाटलीला संयम होता, कर्जाला नव्हता.

यावर ‘आपल्याकडे परंपरा नाही’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण शॅम्पेनची परंपरा तरी काय सांगते? लुई रोडेरर, पोल रोजे अशी घराणी तिथे पिढ्यान् पिढ्या कुटुंबाकडे आहेत हे खरे. ज्या पायपर-हाइडसिकने नारायणगावला हात दिला, त्याची मालकी मात्र अनेकदा बदलली. आणि तिथल्याही द्राक्षमळ्यांपैकी जवळपास नव्वद टक्के आहेत शेतकऱ्यांचे. नामांकित घराणी बहुतांश द्राक्षे विकतच घेतात. 1911 साली बाहेरून स्वस्त द्राक्षे आणणाऱ्या आणि भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध तिथल्या शेतकऱ्यांनी बंड केले, तळघरे फोडली, आय गावात वाइन रस्त्यावरून वाहिली. त्या झगड्यातून कायदे आले आणि 1941 साली बागायतदार व वाइन घराणी यांची बरोबरीची संयुक्त समिती स्थापन झाली. आज तिथले कित्येक शेतकरी स्वतःच्या द्राक्षाची स्वतःच बाटली भरतात. पर्यटक ज्या ‘घरगुती’ वायनरीत कौतुकाने शिरतात, ती बहुधा अशाच शेतकऱ्याची असते.

नारायणगावात द्राक्ष होते, तंत्र होते, फ्रेंच गुरू होता. उणीव होती ती त्या संयुक्त समितीची. महाराष्ट्राला हे जमण्यासारखे नव्हते असेही नाही. ऊस पिकवणाऱ्याने साखर कारखाना काढला तो इथेच, आणि खायच्या द्राक्षाच्या निर्यातीसाठी 1991 मध्ये बागायतदारांची ‘महाग्रेप्स’ उभी राहिली तीही इथेच. वाइनच्या बाबतीत मात्र आपण वेल शेतकऱ्याकडे ठेवला आणि बाटली कंपनीकडे, दोघांना बरोबरीने बांधणारी संस्था उभी राहिली नाही.

कंपनी बुडाली, बागा मात्र राहिल्या. जुन्नर 2018 मध्ये विशेष पर्यटन तालुका जाहीर झाला. माळशेज चढून येणाऱ्या पाहुण्याला बाग दाखवून, घड तोडू देऊन शेतकरी चार पैसे मिळवू लागला आहे. छाटणी, खुंट, पाणी यांचे ज्ञान बापाकडून मुलाकडे चालले आहे. फ्रान्समधल्या शेतकऱ्यांच्या वायनरींचा पायाही नेमका एवढाच होता. त्यावर तळघर बांधायचे की नाही, हे पुढच्या पिढीतल्या बागायतदाराने ठरवायचे आहे. या वेळी मात्र तळघराच्या किल्ल्या त्याने स्वतःच्या कमरेला ठेवाव्यात.