अंगणापलीकडचा उंबर, कुंडीतला नांद्रुक

वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि नांद्रुक हे सर्व वृक्ष वनस्पतिशास्त्रात ‘फायकस’ या एकाच प्रजातीत, म्हणजे निकटच्या जातींच्या गटात मोडतात. ऑस्ट्रेलियातील रानअंजीरही याच गटातले असून, पानांच्या मागील बाजूस गंजासारखी तांबूस लव असलेला ‘पोर्ट जॅक्सन’ अंजीर तेथे बोन्सायसाठी, म्हणजे उथळ कुंडीत छाटणी करून झाड लहान ठेवण्याच्या कलेसाठी, विशेष पसंत केला जातो. यवतमाळकरांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, उंबर, पाकर आणि नांद्रुक या तिन्ही जाती भारताप्रमाणेच उत्तर ऑस्ट्रेलियातही निसर्गतः वाढतात. क्वीन्सलँडमधील युंगाबुरा गावाजवळचा प्रसिद्ध ‘कर्टन फिग’ हा पाकरच आहे. दुसऱ्या झाडावर रुजलेल्या या पाकराने आपली मुळे जमिनीपर्यंत सोडली, आधाराचे झाड शेजारच्या झाडावर कलले आणि त्या तिरप्या खोडावरून खाली उतरलेल्या मुळांचा सुमारे १५ मीटर उंचीचा पडदा तयार झाला.

मुळांचे हेच सामर्थ्य लक्षात घेता ही झाडे घराचा पाया, विहीर आणि सांडपाण्याची वाहिनी यांपासून बरीच दूर लावणे आवश्यक ठरते. यवतमाळ जिल्ह्यातील काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे रोप पावसाळ्याच्या आरंभी लावून, पहिल्या काही उन्हाळ्यांत पाणी व बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन दिल्यास ते तग धरते. उंबर स्वभावतः ओढ्याकाठचा असल्याने नाल्याचा काठ त्याला अधिक मानवतो.

घराजवळ जागा नसेल, तर कुंडी हा उत्तम पर्याय होय. त्यासाठी नांद्रुक सर्वांत सोयीचा, कारण त्याची पाने मुळातच लहान असतात. छाटणीने पान लहान करता येते, फळ मात्र लहान होत नाही, म्हणून उंबराच्या बोन्सायला प्रमाणबद्धता आणणे अवघड जाते. कुंडीत निव्वळ काळी माती भरल्यास पाणी साचून मुळे कुजतात. विटांचे बारीक तुकडे, जाडी वाळू आणि कुजलेले शेणखत यांचे मिश्रण पाण्याचा निचरा साधते. कुंडीबदल आणि मुळांची छाटणी पावसाळ्याच्या तोंडावर करावी, कारण उष्ण व दमट हवेत नवी मुळे लवकर फुटतात. फांद्यांना वळण देण्यासाठी गुंडाळलेली तार सालीत रुतण्यापूर्वी काढावी. पारा ४५ अंशांकडे झेपावणाऱ्या मे महिन्यात उथळ कुंडीतील ओल झपाट्याने उडते, म्हणून हिरव्या जाळीची सावली आणि गरजेप्रमाणे सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे.

या वृक्षांचे फळ म्हणजे आत दडलेल्या असंख्य सूक्ष्म फुलांचा बंद पेला असून, त्यांचे परागीभवन त्या त्या जातीशी जुळलेली चिमुकली गांधीलमाशी करते. पुढे हीच फळे पक्षी, वटवाघळे आणि माकडे यांचे अन्न होतात. कुंडीतील झाड निगा राखण्याची शिस्त शिकवते, परंतु हे अन्नछत्र मोकळ्या जमिनीवरचा मोठा वृक्षच चालवू शकतो. म्हणूनच घरी नांद्रुकाची कुंडी सजवणाऱ्याने गावाच्या ई-क्लास, म्हणजे सरकारी गायरान, जमिनीवर किंवा नाल्याकाठी एक उंबरही लावून जगवावा.