फेस दुधाचा, बर्फाचा नव्हे

एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीकडे सरकू लागला की घरोघरी मिक्सरमध्ये कोल्ड कॉफी फिरू लागते आणि एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘एवढा बर्फ घातला, तरी कॉलेज रोडवरच्या दुकानात मिळतो तसा फेस काही येत नाही.’ त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो, ‘मग अजून थोडा बर्फ घाला.’ हा सल्ला चूक आहे. फेस बर्फाने येत नाही. उलट जास्त बर्फ घातल्यानेच तो बसतो.

पटत नसेल तर मिक्सरच्या भांड्यात नुसतं पाणी आणि बर्फ फिरवून पाहा. बुडबुडे येतील आणि झाकण काढेपर्यंत विरतील. मग फ्रिजमधलं गार दूध बर्फाशिवाय फिरवा. फेस येईल आणि टिकेलही. २०२०च्या लॉकडाउनमध्ये डाल्गोना कॉफी घराघरांत फेटली गेली. त्या फेसात फक्त इन्स्टंट कॉफी, साखर आणि चमचाभर पाणी होतं. बर्फाचा खडाही नव्हता. इतका पुरावा हाताशी असताना आपण पुन्हा बर्फाच्या ट्रेकडेच का वळतो?

फेस म्हणजे द्रवात अडकलेली हवा. पातं फिरताना भांड्यातली हवा आत ओढतं आणि तिचे बारीक बुडबुडे करतं. ते टिकायला प्रत्येक बुडबुड्याभोवती आवरण लागतं. दुधात हे काम प्रथिनं करतात, केसिन आणि निवळीतली प्रथिनं. दुधात प्रथिनं असतात जेमतेम सव्वातीन टक्के, आणि बर्फाचं पाणी नेमकी तीच पातळ करतं.

हिशेब मांडून पाहू. उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलेलं दूध ३५ अंशांचं असतं. असं २०० मिली दूध दोन अंशांपर्यंत आणायला फ्रीझरमधला सुमारे ७० ग्रॅम बर्फ वितळावा लागतो, म्हणजे पेल्यात ७० मिली पाणी गेलं आणि प्रथिनं सव्वातीन टक्क्यांवरून अडीचच्याही खाली आली. तेच दूध फ्रिजमधून पाच अंशांवर काढलं, तर सात ग्रॅम बर्फ पुरतो. गारवा फ्रिजने आणायचा असतो, बर्फाने नव्हे.

गारवा मात्र हवाच, आणि त्याचं कारण आहे स्निग्धांश. थंड दुधात स्निग्धांशाचे कण बरेचसे घट्ट असतात. दूध कोमट झालं की अर्धवट वितळलेला स्निग्धांश बुडबुड्यांची आवरणं फोडतो. म्हणून सायीच्या दुधापेक्षा तीन टक्के स्निग्धांशाचं टोन्ड किंवा दीड टक्क्याचं डबल टोन्ड दूध फेसाला बरं. बर्फाचा खरा उपयोग शेवटी होतो. त्याचे बारीक कण पेय दाट करतात आणि आलेला फेस जरा जास्त वेळ धरून ठेवतात.

तेव्हा क्रम असा ठेवा. दीड चमचा इन्स्टंट कॉफी आणि दोन चमचे साखर चमचाभर पाण्यात विरघळवा. त्यात २०० मिली गार दूध घाला. भांडं निम्म्याहून जास्त भरू नका, कारण फेसातली हवा त्या रिकाम्या जागेतूनच यायची असते. अर्धा-पाऊण मिनिट फिरवा. मग बर्फाचे तीन-चार खडे टाकून दोन-तीन झटके द्या आणि लगेच पेल्यात ओता. बर्फाच्या ट्रेमध्ये थोडं दूधच गोठवून ठेवलं असेल तर आणखी उत्तम. वितळलं तरी ते दूधच.

आता बाकीचे गैरसमज.

‘दुकानातला फेस म्हणजे केमिकल.’ बहुतेकदा तो आइस्क्रीमच्या गोळ्याचा प्रताप असतो. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेच्या मानकानुसार एक लिटर आइस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम असावं लागतं, म्हणजे जवळपास निम्मी जागा हवेची असली तरी ते नियमात बसतं.

‘फेसाळ दूध म्हणजे साबणाची भेसळ.’ शुद्ध दूधही हलवल्यावर फेसाळतं. एफएसएसएआयने सांगितलेली घरगुती चाचणी सोपी आहे: दूध आणि पाणी समप्रमाणात घेऊन जोरात हलवा. दाट फेस आला तर डिटर्जंटचा संशय घ्या. पातळसा थर आला तर दूध ठीक आहे.

‘जितकं जास्त फिरवाल तितका जास्त फेस.’ पात्याच्या घर्षणाने पेय तापतं आणि फेस बसतो. दूध सायीचं असेल तर लोण्याचे कण तरंगू लागतात. शेवटी साय मिक्सरला लावूनच तर आपण लोणी काढतो.

‘असा फेस काढायला परदेशी ब्लेंडरच हवा.’ अमेरिकेत स्टीफन पोप्लाव्स्की यांनी १९२२ मध्ये ब्लेंडर घडवला तो सोडा फाउंटनवरच्या पेयांसाठी. आपला मिक्सर हळद आणि सुकं खोबरं वाटायला बनलेला. दूध फेटणं त्याला मुळीच जड नाही.

‘बर्फ फिरवला की पात्यांना धार येते.’ बर्फ पोलादापेक्षा कितीतरी मऊ असतो. त्याने चिकटलेला मसाला निघतो, धार येत नाही.

‘द्राक्ष आणि बर्फाचं स्लशही कॉफीसारखंच फेसाळायला हवं.’ द्राक्षात प्रथिनं नगण्य, त्यामुळे फेस विरणारच. पण नाशिककरांनी हंगामात द्राक्षं धुऊन, पुसून, सुटी पसरून गोठवावीत आणि बर्फाऐवजी तीच वापरावीत. पेय पाणचट होत नाही, आणि साखरेमुळे ती बर्फाइतकी कडक होत नसल्याने मिक्सरलाही त्रास होत नाही. फक्त त्यात दूध घालू नका. आंबट रसाने ते फुटतं.

शेवटचा गैरसमज मात्र धोक्याचा आहे: ‘बर्फात जंतू मरतात.’ मरत नाहीत. गोठवल्याने बहुतेक जंतूंची वाढ थांबते, आणि बर्फ वितळला की ते पुन्हा कामाला लागतात. काविळीचा हेपॅटायटिस ए विषाणू तर बर्फात सहज तगतो. अखाद्य बर्फ ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून त्यात निळा रंग घालणं बंधनकारक केलं आहे. पण बर्फ पांढरा आहे एवढ्यावरून त्याचं पाणी स्वच्छ ठरत नाही. म्हणून घरी उकळून गार केलेल्या किंवा फिल्टरच्या पाण्याचाच बर्फ लावा, लादीचा विकतचा बर्फ पेयात टाकू नका, आणि मुलांच्या पेल्यात तर नकोच नको.